मदत हवी आहे: डायलिसिसच्या पेशंटची सगळी काळजी एकाच ठिकाणी घेतात असं केंद्र माहीत आहे का?

नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. बाबा ६७ वर्षांचे, २० वर्षांपासून मधुमेह. गेल्या दिवाळीपासून डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत बसतं, त्यामुळे पैशाची बाजू निभावते. ओढाताण होते ती वेगळीच.

किडनीचे डॉक्टर एक, शुगरचे दुसरे, हृदयाचे तिसरे, आणि कोणाचा कागद कोणाकडे जात नाही. एकाकडचा जुना डाएट चार्ट म्हणतो डाळ, अंडी कमी करा. दुसरे म्हणतात डायलिसिसमध्ये प्रथिनं जातात, वाढवा. मागच्या महिन्यात इन्सुलिनचा डोस वाढवला. किडनी काम करत नसेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, हे आम्हाला नंतर कळलं. रात्री दोन वाजता बाबा घामाने चिंब, शुगर ५२. आईने हाताला लागेल तो गूळ भरवला.

त्यात एका लॅबमध्ये फिस्टुलाच्याच (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, ती जपावी लागते) हातातून रक्त काढायला निघाले होते. मी ओरडले म्हणून थांबले. आता रोज सकाळी त्या हातावर बोट ठेवून थरथर लागते का, म्हणजे फिस्टुला चालू आहे का बघते, मगच चहा.

पुणे किंवा कोल्हापूरकडे असं केंद्र आहे का, जिथे नेफ्रॉलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ, शुगरचे डॉक्टर आणि नर्स एकत्र बसून एकच फाईल चालवतात? कुणी स्वतःच्या घरी हे जमवलं असेल तर सगळ्या डॉक्टरांना एका धाग्यात कसं आणलंत, तेही सांगा. ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), हिमोग्लोबिन, फॉस्फरस यांची वही मी ठेवते, पण ती वाचणारं कोणीतरी हवंय.