पडदा काचेच्या आत की बाहेर?

नागपूरच्या पश्चिमाभिमुख खोलीसाठी जाड, गडद पडदे घ्यावेत, असा एक सल्ला दिला जातो. त्याने उजेड नक्कीच अडेल, पण उष्णतेच्या बाबतीत मला थोडी भर घालावीशी वाटते. ऊन एकदा काचेतून आत आले की गडद कापड ते शोषून स्वतः तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडत राहते. म्हणून आतून पडदा लावायचाच असेल, तर काचेकडची बाजू पांढरी असलेला निवडावा. त्याहून कितीतरी चांगले म्हणजे ऊन काचेपर्यंत पोहोचूच न देणे. त्यासाठी बांबूच्या कामट्यांचा गुंडाळता येणारा पडदा किंवा हिरवी जाळी खिडकीबाहेर, काचेपासून थोडे अंतर ठेवून लावावी, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते.

मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र चारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून थेट आत येते, तेव्हा खर्च करायचा तर आधी तिथेच करावा.

वाळ्याचे ओले पडदे विदर्भाच्या कोरड्या हवेत अप्रतिम गारवा देतात, परंतु वारा खेळता हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाणी नीट वाफ होत नाही, म्हणून तिथे ते घेऊ नयेत.