मदत हवी आहे: डिकी उघडली की रूफ लाइटचा फ्यूज उडतो

हॅचबॅक गाडी आहे. रूफ लाइट आणि डिकी लाइटचा 10 अँपिअरचा फ्यूज डिकी उघडताना उडतो, दारं उघडली तर काही होत नाही. या गाडीत दाराचे स्विच अर्थिंगच्या बाजूला, म्हणजे दिव्याच्या पुढे बॉडीकडे आहेत. स्विचची वायर बॉडीला लागली तर दिवा नुसता पेटून राहील, फ्यूज उडणार नाही. म्हणजे शॉर्ट पॉझिटिव्ह वायरमध्येच.

फ्यूजच्या जागी 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला, म्हणजे शॉर्ट झाला की फ्यूज उडण्याऐवजी तो पेटेल. दोन्ही दिव्यांचे कपलर (वायर जोडणारे प्लग) काढले, तरी डिकी अर्धी वर गेली की बल्ब भगभगीत पेटतो आणि बिजागरीजवळचा रबरी बूट (छतातून डिकीत जाणाऱ्या वायरींवरची नळी) दाबला की विझतो. बहुतेक आत इन्सुलेशन तडकून तांबं पत्र्याला लागतंय.

आता हवंय ते एवढंच: छताचं अस्तर न चुरगळता बूट आतून कसा सोडवायचा? बाजूची क्लिप आधी काढायची की वरची पट्टी? आणि जोड सोल्डर करू की क्रिम्प (धातूची नळी दाबून)? सोल्डर वर चढून वायर कडक होते आणि वाकण्याच्या जागी पुन्हा तुटते, म्हणून जोड बुटाबाहेर, छताच्या आत घ्यायचा विचार आहे. 0.75 चौरस मिमीची मऊ वायर पुरेल ना? मोठा फ्यूज टाकायचा सल्ला कृपया नको, वायरिंग जळेल.