प्रतिसाद: प्लेकोला काढण्याआधी पान बघा

कोपरखैरणेच्या एका सदस्याच्या माशांच्या टाकीत अ‍ॅमेझॉन सोर्ड या पाणवनस्पतीची पानं जाळीदार झाली, म्हणून आधीच्या प्रतिसादांत दोघांनी थेट प्लेकोला (शेवाळ खरवडून खाणारा मासा) काढायला सांगितलंय. मला हे घाईचं वाटतं. कॉमन प्लेको पान तोडत नाही, खरवडतो: हिरवा थर जातो, मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पडदा उरतो आणि शिरा बहुतेक शाबूत राहतात. कडेपासून लचके तोडलेले असतील, तर संशय सिल्व्हर डॉलर, टिनफॉइल बार्ब किंवा गोल्डफिश अशा माशांवर घ्या. ब्युनॉस आयर्स टेट्राही मऊ पानं फस्त करतो. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं आणि भोवती पिवळी कड दिसली, तर बहुधा मासा नाहीच, पोटॅशियम कमी पडतंय. नर्सरीत पाण्याबाहेर वाढलेलं रोपही टाकीत आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जुनी पानं विरघळवतं. तेव्हा नवीन पान कसं येतंय ते पाहायचं.

खात्री करायची तर टाकीत प्लास्टिकच्या जाळीचं पार्टिशन घाला, खाली वाळूत रुतलेलं आणि वर झाकणापर्यंत, कारण सिल्व्हर डॉलर उडी मारतो. संशयित एका बाजूला, दोन्हीकडे सारखंच एकेक रोप, रोज एक फोटो. चार दिवसांत उत्तर मिळतं. दोषी प्लेकोच निघाला, तर पानांऐवजी खायला म्हणून दिवे बंद झाल्यावर उकडलेल्या काकडीची चकती द्या आणि सकाळी उरलेली न चुकता काढा. आपल्याकडच्या उकाड्यात ती लगेच कुजून पाणी बिघडवते.