दोन दिवसांच्या गोधडी शिबिराला पुस्तक कोणतं न्यावं?

धावदोरा: रहस्यप्रेमी यांनी परवा लिहिलं की हस्तकलेच्या शिबिराला रहस्यकथाच न्यावी, गंभीर पुस्तकानं हातातल्या कामाची मजा जाते. मला हे अजिबात पटलेलं नाही. रहस्यकथा हातातून सुटत नाही, हीच तर अडचण आहे! मागे भोरकडच्या शिबिरात आमच्यातली एक जण शनिवारची अख्खी दुपार खुनी शोधत बसली. तिचे चौकोन जोडायचे राहिले ते राहिलेच.

शिबिराला कुठेही उघडता आणि कुठेही मिटता येणारं पुस्तक हवं. शिबिरात कापड निळीत रंगवतो, तेव्हाचंच घ्या. निळीच्या पिंपातून कापड हिरवट निघतं, हवा लागली की निळं होत जातं. पुन्हा बुडवायच्या आधी थोडा वेळ नुसतं थांबायचं असतं. तेवढ्यात 'ऋतुचक्र'ची दोन पानं सहज होतात. दुर्गाबाई भागवतांनी चैत्रापासून एकेका महिन्यावर लिहिलंय, तेव्हा चालू महिना काढायचा आणि वाचायचं. रात्री सगळ्या टाके घालायला बसल्या की एकीनं 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचावं. लक्ष्मीबाई टिळकांची ही आत्मकथा; भाषा बोलण्यातलीच आहे, ती कानाला लगेच कळते.

रहस्यप्रेमी: ताई, आठवडाभर मी कचेरीत मान मोडून काम करते. दोन दिवस मिळतात, त्यात मला कोणी संस्कार करायला नकोत. आणि 'स्मृतिचित्रे' मी वाचलंय. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधल्या वर्षांतली त्या बाईची परवड ऐकताना माझ्या हातून एक टाका सरळ पडणार नाही. वाचायचं ते घरी, एकटीनं.

खांबमोजणी: तुम्ही दोघी गोधडीवाल्या. धावदोऱ्याला डोकं लागत नाही, क्रोशाला लागतं. डॉयलीची, म्हणजे जाळीदार रुमालाची, ओळ मोजताना शेजारी कोणी वाचायला लागलं की सगळं उसवावं लागतं. आमच्या खोलीत वाचन नको.

नाशिकचा काका: मूळ मुद्दा बाजूलाच राहतोय. मोठ्यानं वाचून दाखवलेलं ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. हल्ली जो तो कानात बोंडं घालून पुस्तकं ऐकत फिरतो आणि 'मी एवढी पुस्तकं वाचली' म्हणून सांगतो. पान उलटलं नाही, वाक्यापाशी थांबला नाही, मागे जाऊन पुन्हा पाहिलं नाही, तर वाचलं काय? शिबिरात पुस्तक न्यायचं तर काम बाजूला ठेवून वाचा. नाहीतर नेऊ नका.

धावदोरा: काका, क्यूबात १८६५ पासून सिगार वळणाऱ्या कामगारांना कारखान्यात वाचून दाखवायची प्रथा आहे. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. मोंटेक्रिस्तो या सिगारचं नाव तिथं वाचल्या जाणाऱ्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलंय, ते उगाच नाही. पदरचे पैसे मोजून ऐकणाऱ्यांना तुम्ही पुस्तकाबाहेर काढणार?

नाशिकचा काका: क्यूबाचं क्यूबात. त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते. तुम्हाला येतं.

जळगावची सून: काका, हे वाक्य मला लागलं. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्यांनी ओव्या रचल्या, त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं उतरवून घेतल्या, तेव्हा १९५२ मध्ये पुस्तक झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हात कामात आणि कान शब्दात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. त्याला कमी लेखायचा अधिकार कोणी दिला तुम्हाला?

नाशिकचा काका: बायकांना मी कमी लेखलं नाही. आवाज चढवू नका. ओवी ऐकण्यासाठीच जन्मते. निबंध, कादंबरी कागदासाठी लिहिलेली असते. फरक आहे.

गावाकडची शिवण: तुमचं चालू द्या, पण एक सांगते. माझी आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची, तिला मजुरी म्हणून पायली-दोन पायली धान्य मिळायचं. आज शहरात तोच टाका शिकायला हजारोंची फी घेतात आणि शिकवायला येणाऱ्या गावच्या बाईला जाण्यायेण्याचं भाडं देतात. पुस्तकाची चर्चा करण्याआधी आयोजकांना हे विचारा.

मंदप्रकाश: काका, मधुमेहानं माझ्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले. अक्षर दिसत नाही, सुई मात्र बोटांनी कळते. पत्नी वाचते, मी गोधडीला टाके घालतो. परवा इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधला गांधारीवरचा लेख आम्ही तीनदा थांबवून ऐकला, मागे जाऊन पुन्हा वाचायला लावला. तुम्ही म्हणता ते थांबणं आणि मागे जाणं ऐकतानाही होतं. मी वाचक नाही, असं मला तोंडावर सांगा.

नाशिकचा काका: तुम्हाला नाही सांगणार. समोर माणूस बसून वाचत असेल, त्याला थांबवता येत असेल, तर ते वाचन धरतो. कानातल्या बोंडांबद्दलचं माझं मत कायम आहे.

खांबमोजणी: आणि क्रोशाची खोली वेगळी, हेही कायम.

रहस्यप्रेमी: बरं. दिवसा मी माझी रहस्यकथाच वाचणार, त्यात बदल नाही. रात्री कोणी वाचत असेल तर बसेन ऐकायला, पण रडवणारं प्रकरण नको. 'स्मृतिचित्रे'तलं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं काढा. आणि नीळ असेल त्या दुपारी माझ्या पुस्तकाला कोणीही हात लावायचा नाही.

धावदोरा: सोवळ्याचं चालेल. गावाकडची शिवण, फीबद्दल मी आजच आयोजकांना फोन करते. शिकवणाऱ्या बाईंना किती देणार, ते कळल्याशिवाय पैसे भरणार नाही.