उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर : ग्रीन टी, हळद, फर्नच्या कॅप्सूल यांचा खरंच उपयोग होतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते पण आता विचारल्याशिवाय राहवत नाहीये.

माझा थोरला भाऊ सांगोल्याकडे शेती करतो, डाळिंबाची बाग आहे. त्याला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे अंगात मेलॅनिन (त्वचेला, केसांना रंग देणारं द्रव्य) जवळपास नाहीच, केस-पापण्या पांढऱ्या, उन्हात डोळे उघडवत नाहीत. हे कोड नव्हे, पण गावात निम्म्या लोकांना दोन्ही एकच वाटतं आणि सगळा घोळ तिथूनच होतो. मागच्या उन्हाळ्यात दादाच्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली, ती निघायची, जरासं रक्त यायचं, परत धरायची, तो म्हणे डाळिंबाचा काटा लागला असेल. बायोप्सीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. लवकर कळलं म्हणून तेवढाच तुकडा काढून भागलं. हातांवर खरखरीत चट्टे होते, ते पुढेमागे कॅन्सरकडे जाऊ शकतात म्हणून लिक्विड नायट्रोजनने गोठवून काढले.

आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकेक औषध सांगून जातो. मावशीने तर कोडावरचं म्हणून बावचीचं तेलच पाठवलं! ते मी लावू दिलं नाही. बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी उलट जास्त भाजते. सोरालेन देऊन वर यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) लाइट द्यायची ट्रीटमेंट वर्षानुवर्षं घेतलेल्या सोरायसिसच्या पेशंटमध्ये हाच स्क्वेमस कॅन्सर वाढलेला दिसलाय. मावशी रुसलीये, असो.

पण सगळंच झाडपाल्याचं फालतू असंही मला वाटत नाही. ग्रीन टीमधलं ईजीसीजी, मिल्क थिसल या झाडातलं सिलिमारिन, हळदीतलं कर्क्युमिन, अगदी आमच्या डाळिंबाचा अर्कसुद्धा, यांच्यावर रिसर्च झालाय, उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी डीएनएचं होणारं नुकसान आणि सूज कमी होते म्हणतात. पण वाचत गेलं की बहुतेक ठिकाणी शेवटी बिनकेसांचे उंदीरच निघतात. पॉलिपोडियम नावाच्या फर्नच्या कॅप्सूल मात्र माणसांना देऊन बघितल्यात, उन्हाने येणारी लाली कमी झाली असं दिसतं. स्वस्त नाहीयेत. कोणी घेतल्यात का? आणि अल्बिनिझममध्ये काही फरक पडतो का?

प्रतिसाद १
ताई, बावची बंद केलीत ते उत्तम केलंत. मी स्किन ओपीडीत काम केलंय म्हणून सांगतो, लाली कमी होणं वेगळं आणि कॅन्सर टळणं वेगळं, त्या फर्नने कॅन्सर टळतो एवढा पुरावा नाहीये. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावात 1992 पासून साडेचार वर्षं 1621 लोकांवर ट्रायल झाली, गाजरातलं बीटा कॅरोटीन रोज 30 मिग्रॅ दिलं, उपयोग शून्य. त्याच ट्रायलमध्ये रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस कॅन्सरच्या गाठी साधारण 40 टक्क्यांनी कमी झाल्या. शिवाय फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला, तेव्हा नॅचरल आहे म्हणजे निर्धोक असं काही नसतं. शेर या चिकाच्या झुडपाच्या कुळातल्या एका तणापासून काढलेलं इन्जेनॉल जेल अशाच खरखरीत चट्ट्यांसाठी मिळायचं, ते युरोपात 2020 मध्ये त्वचेच्या कॅन्सरच्याच शंकेवरून थांबवलं.

विचारायचंच असेल तर डॉक्टरांना निकोटिनामाइडबद्दल (व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार) विचारा. सिडनीच्या 2015 च्या ट्रायलमध्ये, आधी असे कॅन्सर होऊन गेलेल्या 386 लोकांत, 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा घेऊन वर्षभरात नवे कॅन्सर 23 टक्के कमी झाले, गोळी थांबवली की फायदाही थांबला. पण ते लोक अल्बिनिझमचे नव्हते, त्यामुळे मनाने सुरू करू नका.

धागाकर्ती
खूप आभार दादा. म्हणजे कॅप्सूलचे पैसे सनस्क्रीनला लावते. माझा भाऊ गांधी टोपी घालतो, त्यात कान उघडेच राहतात, आता रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फवारणी-छाटणी सकाळी दहाच्या आत असं ठरवलंय, बघू किती ऐकतो. फक्त एक सांगा, घामाने सनस्क्रीन तासाभरात डोळ्यात उतरतं आणि तो वैतागून पुसून टाकतो, शेतात दिवसभर टिकेल असं झिंक ऑक्साइडचं काही कोणी वापरलंय का? आणि ओठांना काय लावायचं?