वर्गातला कॅमेरा पालकांच्या मोबाईलवर: हवा की नको?

सीनिअरकेजीची_आई:
आमच्या शाळेचं सर्क्युलर आलंय. जूनपासून प्रत्येक वर्गातल्या सीसीटीव्हीचं लाईव्ह फीड एका ॲपवर पालकांना दिसणार, त्याचे वर्षाचे वेगळे पैसे, आणि वर ठळक अक्षरात 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी'. ग्रुपवर लगेच सगळ्यांचे अंगठे. मी विरोध केला तर 'तुम्हाला मुलीची काळजी नाही का' एवढंच ऐकायला मिळालं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाहीच. गेट, जिना, कॉरिडॉर, टॉयलेटबाहेरचा पॅसेज, स्कूलबस, सगळीकडे हवेत आणि चालू हवेत. पण ते चित्र अख्ख्या वर्गाच्या आईबाबांच्या मोबाईलवर कशाला? बदलापूर आठवा, ऑगस्ट २०२४. चार-चार वर्षांच्या दोन मुली, आणि लैंगिक अत्याचाराचा प्रकार घडला शाळेच्या टॉयलेटमध्ये, म्हणजे जिथे कॅमेरा असूच शकत नाही. मुलींच्या टॉयलेटची सफाई एका पुरुष कंत्राटी कामगाराकडे होती. तक्रार द्यायला गेलेल्या आईवडिलांना पोलीस ठाण्यात कित्येक तास बसवून ठेवलं. यातलं काय लाईव्ह फीडने थांबलं असतं? तिथे मावशी हव्या होत्या, आणि पहिल्या शब्दाला उठून उभी राहणारी मोठी माणसं हवी होती.

कल्याणकर_बाबा:
ताई, अर्धंच सांगताय. त्याच बदलापूरला शाळेचं १५ दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे कॅमेरा शाळेच्या ताब्यात राहिला की काय होतं ते समोर आहे. पालकांकडे फीड असेल तर कॅमेरा बंद पडल्याचं पाच मिनिटांत शंभर जणांना कळेल.

माझा मुलगा नर्सरीत असताना दंडावर बोटांचे वळ घेऊन घरी आला. बोलता येत नव्हतं त्याला नीट. शाळेत गेलो तर म्हणे फुटेज दाखवता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी काय झालं ते तरी सांगा. या दोघांच्या मध्ये उभं राहून बघा एकदा आणि मग मला प्रायव्हसी शिकवा. दिल्लीत २०१९ ला केजरीवाल सरकारने सरकारी शाळांत हेच सुरू केलं, लोक सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने तेव्हा स्थगिती दिली नाही.

खडू_डस्टर:
मी प्राथमिकला शिकवते. वर्गात कॅमेरा आहे, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये स्क्रीन आहे, त्याची आता सवय झालीये. पण आमच्या इथे काही महिने हे पालकांचं ॲप चालू होतं तेव्हाचं सांगते. एका मुलीला वर्गात शू झाली. मी तिला पटकन मावशींबरोबर पाठवलं, बाकीच्या मुलांचं लक्षही नव्हतं. दुपारपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर, 'बाई काय करत होत्या' असा जाब माझ्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी मुलं तिला चिडवतायत, कारण घरी मोठ्यांनी मुलांसमोरच तो फोटो बघितला होता. तिची आई माझ्यासमोर रडली. ज्याने टाकला तो म्हणाला मी तर सगळ्यांच्या भल्यासाठीच टाकला.

नेटवर्कवाला_नाशिक:
टेक्निकल बाजूने लिहितो, कॅमेरे बसवणं हाच माझा धंदा आहे. डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा पासवर्ड कंपनीतून येतो तसाच अर्ध्या ठिकाणी ठेवतात, बदलून देतो म्हटलं तर ऑफिसमधले म्हणतात राहू द्या, विसरायला होतं. राजकोटची केस २०२५ च्या फेब्रुवारीत गाजली ती आठवत असेल, हॉस्पिटलमधल्या तपासणी खोलीत बायकांचं कॅमेऱ्यातलं चित्रण बाहेर गेलं आणि टेलिग्रामवर विकलं गेलं, पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही होते. पासवर्ड साधा ॲडमिन१२३ होता अशा बातम्या नंतर आल्या. आता तिथे बालवाडीचा वर्ग धरा. ॲप कोणाचं, सर्व्हर कुठे, किती दिवस साठवणार, हे सर्क्युलरमध्ये लिहिलंय का? वैयक्तिक माहिती जपण्यासाठीच्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, मग एका पालकाने नाही म्हटलं तर त्याचं मूल कॅमेऱ्यातून कसं वगळणार?

कल्याणकर_बाबा:
पासवर्ड बदला मग! चोरी होते म्हणून घराला दारच ठेवायचं नाही असं कोणी करतं का? आणि बाई, तुमच्या इथल्या मुलीचं वाईट वाटलं, मनापासून. पण स्क्रीनशॉट टाकणाऱ्याचं लॉगिन बंद करता येतं. माझ्या मुलाला लागलेले वळ कोणाचे ते मला आजही माहीत नाही.

सीनिअरकेजीची_आई:
दादा, तुमच्या बाबतीत झालं ते भयंकर आहे आणि शाळा चुकलीच, यात वाद नाही. पण तुम्हाला हवं होतं ते त्या दिवसाचं फुटेज. ते मिळायला तुमच्या मोबाईलवर बाकीची सगळी मुलं रोज दिसायची गरज नव्हती. फुटेज ठरावीक दिवस जपून ठेवा, पालकाने लेखी मागितलं की मुख्याध्यापक आणि पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) दोन जणांसमोर दाखवा, असा नियम मागूया ना, मी सही करते पहिली.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाचालकाने दडवला तर वर्षापर्यंत कैद. आमच्या ग्रुपवर हे किती जणांना माहितीये? २०२२ च्या जीआरप्रमाणे प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती हवी. आमच्या शाळेत विचारलं तर क्लार्कने फाईल काढून नावं दाखवली, त्यातल्या पालक सदस्य बाईंना आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नव्हतं. तक्रारपेटी आहे, ऑफिसच्या आत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, किल्ली त्याच क्लार्ककडे. पहिलीतलं पोर त्यात चिठ्ठी टाकणार कसं?

दोन_मुलींची_आजी:
मला दोघांचंही पटतंय आणि पटतही नाही. आमची धाकटी तिसरीत, व्हॅनवाले काका बदलले की पोटात दुखतंय म्हणायची. तिच्या आईने ओरडायचं सोडून शांतपणे विचारलं तेव्हा कळलं की नवे काका सगळ्यात शेवटी तिलाच सोडतात आणि पुढे बसवतात. व्हॅन त्याच दिवशी बंद केली. कॅमेऱ्यात दिसलं असतं तर बघणाऱ्याला काय वाटलं असतं, मूल पुढे बसलंय, एवढंच. पण बाळा, सगळ्याच घरात विचारायला माणूस नसतं. दोघं नोकरीला, मूल संध्याकाळपर्यंत पाळणाघरात, त्यांना दुपारी एकदा मोबाईलवर लेकरू दिसलं तर जिवाला बरं वाटतं, त्याला काय म्हणायचं?

खडू_डस्टर:
आजी, तो विचारणारा माणूस शाळेत तरी असायला हवा. आमच्या अख्ख्या शाळेला एक समुपदेशक नाही. मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ नंबर आम्ही फळ्याशेजारी मोठा रंगवून घेतलाय आणि मुलांकडून पाठ करून घेतो, पण त्यावर बोलायला मुलाच्या हातात फोन कुठे असतो.

कल्याणकर_बाबा:
फुटेजचा नियम लेखी आला तर मला चालेल. पण तोंडी आश्वासनावर नाही, आणि तो येईपर्यंत मी ॲपचे पैसे भरणार.

सीनिअरकेजीची_आई:
शनिवारी पीटीएची मीटिंग आहे. मी पत्र तयार करतेय: फुटेज किती दिवस ठेवणार, मागितल्यावर किती तासांत दाखवणार, ॲप कोणाचं, प्रीप्रायमरीच्या टॉयलेटपाशी पूर्णवेळ मावशी कधीपासून, समितीच्या सदस्यांची नावं गेटवर कधी लावणार. नाशिकवाले दादा, सर्व्हर आणि पासवर्डबद्दल अजून काय विचारायचं ते उद्यापर्यंत लिहा. आणि कल्याणकर, ही तक्रारपेटी खाली, मुलांच्या हाताशी, ऑफिसबाहेर आणायची मागणी तुमच्या शाळेतही टाका.