‘कोरम सेन्सिंग’साठी मराठी शब्द : गणपूर्ती की चाहूल?

विचारणा : जुळे सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ‘कोरम सेन्सिंग’ला, म्हणजे आपली दाटी पुरेशी झाल्याचं जिवाणूंना कळण्याला, ‘गणपूर्ती संवेदन’ लिहिलं, तर मागच्या बाकावरून आलं, “मॅडम, गणपतीचं काय?” एकाला मात्र पटकन कळलं. वडिलांच्या पतसंस्थेची सभा दरवर्षी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच माणसांत उरकते म्हणे! याहून सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद १ : ‘गणपूर्ती’ला हात लावू नका. इंग्रजी नावही सभेवरूनच आलंय, 1994 साली. व्हिब्रिओ फिशेरी हा जिवाणू समुद्रात सुटा असला की अंधारच. हवाईच्या छोट्या स्क्विडच्या (माकूळ) अवयवात दाटीवाटीने राहिला की उजळतो. प्रत्येक जण थोडं थोडं रसायन सोडतो, ते पुरेसं साठलं की सगळ्यांची जनुकं एकदम कामाला लागतात. कोरम झाला, ठराव मंजूर.

प्रतिसाद २ : पण सभेत डोकी मोजतात, जिवाणू मोजत नाही. त्याला फक्त रसायन किती दाटलंय तेवढं कळतं. आमच्या गल्लीत चटणीसाठी शेंगा भाजल्या की वास येतो, पण घरं किती ते वासावरून सांगता येत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत एकच कढई पुरते. जिवाणूचंही तसंच, कोंडलेल्या जागेत मोजकेच पुरतात. म्हणून ‘संवेदन’ काढा, ‘चाहूल’ घ्या. न बघता, न मोजता कुणीतरी असल्याचं कळणं, त्याला आपण चाहूलच म्हणतो. ‘गणचाहूल’ कसा वाटतो?

विचारणा : गोड आहे. पण दातांवरच्या कीटणासारख्या मिश्र वस्तीत ‘गण’ नेमका कुणाचा?

प्रतिसाद २ : तिथेच खरी मजा. काही रसायनं त्या-त्या जातीची खासगी बोली. एआय-2 नावाचं रसायन मात्र अनेक जातींना कळतं. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड आणि मंगळवार बाजारात मराठी, तसं. ई. कोलाय हा जिवाणू तर आणखी बेरकी. एएचएल नावाचे निरोपाचे रेणू स्वतः बनवत नाही, पण दुसऱ्यांचे ओळखायला एसडीआयए हे प्रथिन बाळगून असतो. याला ‘परसंकेतग्रहण’ वगैरे नको. सरळ ‘कानोसा घेणे’.

प्रतिसाद १ : कानोसा मान्य. गणचाहूल परीक्षेत लिहिली तर मार्क देणार का, ते मॅडमनी आधी सांगावं.